भाद्रपदातले बुश

रबर दिसलं की भाऊ ते चावून पाहत. चपलेचा तळ, सायकलच्या ब्रेकचा ठोकळा, औषधाच्या बाटलीचं बूच, काहीही. उजव्या दाढेखाली धरायचं, डोळे मिटायचे, हळूच दाबायचं आणि मग निकाल द्यायचा. कडक किंवा ढिलं. एकदा शेजारच्या तेलुगू कुटुंबाने सणाच्या इडल्या पाठवल्या. त्यांनी पहिली इडली दाढेखाली धरली, डोळे मिटले आणि म्हणाले, "मागच्या चाकाले चालन." त्यांच्या बायकोने ताट उचलून आत नेलं.

भिलाईत तेव्हा पोलाद कारखान्याची उभारणी चालू होती. पहिली भट्टी पेटलेली, बाकीच्या अजून सांगाड्यात. ते जाड पत्र्यांना रिबिट, म्हणजे जोडखिळे, ठोकणाऱ्या शॉपात फोरमन होते. भंडाऱ्याकडच्या धान पिकवणाऱ्या घरातले, आधी तुमसरजवळच्या मँगनीजच्या खाणीत मेकॅनिक, तिथून इकडे. सेक्टरमधल्या आमच्या गल्लीत सगळे त्यांना भाऊ म्हणत आणि त्यांच्या बायकोला वहिनी. त्यांच्या आणि माझ्या क्वार्टरमध्ये एक भिंत सामाईक होती.

रिबिटांच्या दणक्याने भाऊंचे कान अर्धे गेले होते. हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्या मते लोकच पूर्वीपेक्षा हळू बोलू लागले होते. त्यामुळे त्या घरात नवरा-बायको एकमेकांशी नेहमी वरच्या पट्टीत बोलत. पुढचे बरेचसे संवाद भिंतीतून आलेले आहेत. बाकीचे मी स्वतः ऐकले किंवा मागाहून गल्लीने सांगितले.

इंजिनाचा आवाज ऐकायची त्यांची रीत निराळी होती. लांब स्क्रूड्रायव्हर दातांत धरायचा आणि त्याचं टोक इंजिनाला टेकवायचं. कान नाही म्हणाले तरी दात सांगतात, हा त्यांचा सिद्धांत. एका रविवारी त्याच पद्धतीने त्यांनी आमचा बंद पडलेला रेडिओ तपासला होता. रेडिओ सुधारला नाही. भाऊ म्हणाले, "यात बोलनाराच गप्प आहे."

आता गाडी. ती दोन माणसांची, उघड्या टपाची, विलायती शर्यतीची गाडी होती. खाणीचा गोरा मॅनेजर मायदेशी निघाला तेव्हा ती कित्येक महिने बंद पडून होती, तिच्या सीटवर कोंबडी अंडी घालत असे. मॅनेजरने ती भाऊंना बक्षीस म्हणून दिली. खरं तर ती हलवायचा त्रास कुणाला तरी द्यायचा होता. भाऊंच्या थोरल्या भावाची बैलजोडी लावून गाडी तुमसरच्या स्टेशनापर्यंत ओढत आणली, मालगाडीने ती भिलाईशेजारच्या दुर्गला उतरली, आणि वर्षभराने एका सकाळी ती आमच्या गल्लीतून स्वतःच्या पायांनी बाहेर पडली. गल्लीतल्या कुत्र्यांनी त्या दिवसापुरती जागा बदलली.

तिच्यात भाऊंचा एकच शौक होता. जी. ई. रोड या हमरस्त्याने आमच्या जवळच्या सुपेल्याहून दुर्गकडे जाताना रस्ता एका जुन्या तळ्याला वळसा घालत असे. दर रविवारी सकाळी ते तेवढं वळण ब्रेकला पाय न लावता घेत, दुर्गला चहा पीत आणि परत येत. बाकी त्यांना कुठे जायचं नसे. सिनेमा नाही, पत्ते नाहीत, तंबाखू नाही. ते एक वळण.

या वळणासाठी बुश महत्त्वाचे. चाकावरच्या कमानी, म्हणजे पोलादी पट्ट्यांचे स्प्रिंग, गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेले असतात तिथे मधे एक बोटभर जाडीची नळी बसते. ती बुश. मूळची रबराची होती. रबर मऊ असलं तर धक्के जिरतात पण गाडी वळणावर डुलते. कडक असलं तर गाडी आज्ञाधारक होते पण बसणाऱ्याची हाडं वाजतात. भाऊ हे असं सांगत:

"बुश म्हंजे घरची सून आहे. दोघाइच्या मधात बसते, दोनीकडून मार खाते, अन् एक दिवस आवाज केला तं सगळे म्हनतात, हिच्यातच खोट आहे."

आतून वहिनींचा आवाज आला, "तुमच्या मायच्या घरी तो बुश मीच होती. मले काय शिकवून राहिले?"

मूळचे बुश विरले तेव्हा नवे मिळेनात. विलायतेहून माल येणं बंद होतं, नागपूरच्या दुकानदाराने हात वर केले. भाऊंनी दुर्गच्या कासाराकडून ओतीव पितळेचे बुश करून घेतले आणि शॉपाबाहेरच्या ओळखीच्या लेथवाल्याकडून कातून घेतले. कारखान्यातला एक वायसरही ते घरी आणत नसत. पितळेवर गाडी अशी चालू लागली की वळणावर ती रस्ता कापते आहे असं वाटे. खडीच्या रस्त्यावर मात्र ती भांड्याच्या दुकानासारखी वाजे. भाऊंना ते ऐकू येत नसे. आम्हाला येई.

पहिली गडबड झाली ती भुलाबाईत.

विदर्भातल्या घरांत भाद्रपद पुनवेला भुलाबाई बसते. मातीची भुलाबाई आणि तिचा नवरा भुलोजी, म्हणजे पार्वती आणि शंकर. कोजागिरीपर्यंत महिनाभर गल्लीतल्या मुली संध्याकाळी घरोघर गाणी म्हणत फिरतात. गाणी संपली की खिरापत. पण ती आधी ओळखावी लागते. घरची बाई डबा झाकून आणते, कानाशी हलवते, आणि मुली आवाजावरून सांगतात: फुटाणे, खारका, बत्तासे. ओळखली नाही तर घरच्या बाईची जीत. आमच्या गल्लीत बंगाली, पंजाबी, तेलुगू, सगळ्यांच्या मुली त्यात असत. शब्द निम्म्यांना कळत नसत, खिरापत सगळ्यांना कळे. गल्लीची भुलाबाई वहिनींच्या घरी बसे. लहानपणापासून खिरापतीत वहिनी हरल्या नव्हत्या असं त्या स्वतः सांगत, आणि त्या आमच्यासमोरही कधी हरल्या नाहीत.

मूर्ती दुर्गच्या कुम्हारपाऱ्यातून, म्हणजे कुंभारवाड्यातून, येत. तिथल्या कुंभाराला भुलाबाई माहीत नव्हती. दिवाळीतली त्यांची गौरा-गौरी माहीत होती. वहिनींनी त्याला समजावून सांगितलं, त्याने मान हलवली आणि आपल्या पद्धतीने भुलोजीला मोठ्या मिशा काढल्या. त्या मिशा पुढे गल्लीत रूढच झाल्या.

पितळेच्या बुशांच्या पहिल्या वर्षी भाऊंनी मूर्ती गाडीतून आणल्या. दोन सीटांपैकी एकावर भाऊ, दुसऱ्यावर गवतात गुंडाळलेलं देवाचं जोडपं. घरी गवत सोडलं तेव्हा भुलोजीचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. दुसरी जोडी मिळणार नव्हती, कुंभार वर्षाला एकच करत असे. वहिनींनी कणकेने मान जोडली, वर पांढऱ्या चिंधीची पट्टी बांधली, आणि गल्लीतल्या मुलींनी महिनाभर गळ्याला पट्टी बांधलेल्या भुलोजीपुढे गाणी म्हटली. कारखान्यातले लोक दर्शनाला येत आणि विचारत, "हेल्मेट नव्हतं का?"

त्या महिन्यात वहिनींनी फक्त पट्टी बदलली. पुढच्या श्रावणात बोलल्या.

"या साली भुलाबाई फुटली तं गाडी त्या ठेकेदाराले देऊन टाकायची. कबूल आहे का?"

"हाव."

"मोठ्यानं म्हना. गल्लीनं ऐकलं पायजे."

"गल्ली ऐकूनच राहिली आहे."

ठेकेदार राजनांदगावचा होता. त्याला ती गाडी वरातीसाठी हवी होती. झेंडूच्या माळा लावून, बँडच्या मागे, माणूस चालेल त्या चालीने. हे ऐकल्यावर भाऊ एक दिवस जेवले नाहीत. मूर्ती दुसऱ्या वाहनाने आणाव्यात असं मी सुचवलं. भाऊंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "गेल्या साली माह्या गाडीत फुटली. या साली सायकल रिक्षात आनली तं गाडी हरली ना?"

मग बुशांचा शोध सुरू झाला. सुपेल्याच्या बाजारात जुन्या टायरांच्या चपला आणि घमेली करणारा एक जण होता. भाऊंनी त्याच्याकडचे सगळे टायर चावले. त्याने विचारलं, "भैया, भूखे हो क्या?" भाऊंनी एक तुकडा पसंत केला. मोच्याकडून म्हशीचं जाड चामडं आणून एरंडेलात भिजत घातलं. पंधरवडाभर आमच्या घरातही त्याचा वास होता. सॉ-मिलमधून सागवानाचा तुकडा आणला. पितळ होतंच. चार पर्याय झाले आणि निर्णय होईना.

कारखान्यातला एक रशियन तज्ज्ञ एका संध्याकाळी गाडी पाहायला आला, सोबत बंगाली दुभाषी. रशियन गाडीखाली वाकला, बराच वेळ पाहत राहिला, मग गंभीरपणे बोलला. दुभाषाने हिंदीत सांगितलं: त्यांच्याकडे अशा गाडीला ट्रकचे बुश घालतात. मग ती ट्रकसारखी चालते. मग कुणी तक्रार करत नाही. भाऊंनी त्याला चहा दिला, पण दुसऱ्यांदा विचारलं नाही.

यानंतर भाऊंनी जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. न्याय सारखा व्हावा म्हणून त्यांनी चार कोपऱ्यांत चार वेगळे बुश बसवले. पुढे डावीकडे पितळ, पुढे उजवीकडे चामडं, मागे डावीकडे सागवान, मागे उजवीकडे टायर. एकाच गाडीत, एकाच रस्त्यावर, चौघांची परीक्षा. गाडी गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. चारही पाय चार प्रांतांतून आल्यासारखी ती चालत होती. आमच्या गल्लीत हे चालून जात असे, गाडीत गेलं नाही. भाऊ उतरले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. कुठला कोपरा काय बोलतो आहे हे त्यांना कळत नव्हतं. स्क्रूड्रायव्हर दातांत धरून गाडी चालवता येत नाही.

वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"कावून उभे आहा असे?"

"काही नाही."

"ऐकू नाही येत म्हना की."

"गाडीच हळू बोलते."

वहिनी खाली आल्या. पदर खोचून गाडीचं ते बुटकं दार उघडलं आणि आत बसल्या. गाडी घरी आल्यापासून त्या पहिल्यांदाच तिच्यात बसत होत्या. "एक वीट आना," त्या म्हणाल्या.

वीट रस्त्यात ठेवली. वहिनींनी डोळे मिटले. कोणत्या कोपऱ्यात काय घातलं आहे हे त्यांना माहीत नव्हतं. भाऊंनी एकेक चाक विटेवरून नेलं. गल्लीतल्या बायका ओट्यांवर आल्या होत्या, तेलुगू शेजारीण कढईतला झारा हातात घेऊनच.

पहिलं चाक गेलं. "फुटाणे," वहिनी म्हणाल्या.

दुसरं. "भिजली डाळ. आवाज आहे, पन आपसांत."

तिसरं. "खारका. वाळल्या. याले काढून टाका, हे आज ना उद्या फुटन."

चौथं चाक विटेवरून उतरलं आणि वहिनींनी बोटाने पुन्हा एकदा अशी खूण केली. भाऊंनी पुन्हा मागे घेऊन चाक नेलं.

"शिरा आहे," वहिनी म्हणाल्या. "आवाज नाही. पन डब्ब्यात सरकते."

चारही उत्तरं बरोबर होती: फुटाणे पितळेचे, डाळ चामड्याची, खारका सागवानाच्या आणि शिरा टायरचा. सागवान काढलं तेव्हा त्याला उभी चीर गेलेली दिसली. भाऊंनी तो तुकडा दाढेखाली धरून खात्री केली.

आता वाद राहिला तो शिऱ्याचा. वहिनींचं म्हणणं सरळ होतं. देव बसतात ते मागच्या चाकांच्या जवळ, म्हणून मागे दोन्हीकडे टायर. पुढे दोन्हीकडे चामडं. पितळ नाहीच. भाऊ तयार होईनात.

"मागं शिरा टाकला तं वळनावर शेपूट हालन."

"मंग वळनावर हळू चालवा."

गाडी आल्यापासून एवढ्या वर्षांत हा उपाय भाऊंना कुणीच सुचवला नव्हता. भाऊ पाना घेऊन गाडीखाली शिरले.

पितळेचे बुश डब्यात घालून त्यांनी माळ्यावर ठेवले होते. दोन दिवसांनी डबा रिकामा दिसला. वहिनींनी सांगितलं, भांडेवालीला दिले, दोन वाट्या आल्या. भाऊंनी त्यावर तक्रार केली नाही. पण पुढचा आठवडाभर ड्यूटी सुटल्यावर ते सुपेल्यात प्रत्येक भांडेवालीची पाटी वाकून पाहताना लोकांना दिसले. एकीने त्यांना चाळणी विकली.

पुनवेच्या दिवशी ठेकेदार सकाळीच आला. आमच्या ओट्यावर खुर्ची घेऊन बसला, सोबत ड्रायव्हर आणि झेंडूची माळ. भाऊ आणि वहिनी दुर्गला गेले होते. वहिनी मुद्दाम गेल्या. मूर्ती सीटवर नाही, त्यांच्या मांडीवर येणार होत्या. कुंभाराने मूर्ती देताना भाऊंना बजावलं, "बने धर के लेगबे बाबू, माटी के देह ए." भाऊंना ते ऐकू गेलं नाही. नीट धरून न्या, मातीचा देह आहे, हे वहिनींनी त्यांच्या कानात ओरडून पुन्हा सांगितलं, मराठीत आणि थोडं वाढवून.

परत येताना काय झालं ते गल्लीला अनेकांकडून कळलं, कारण त्या रस्त्यावर अनेक जण होते. तळ्याच्या वळणावर ती शर्यतीची गाडी इतक्या हळू आली की बोरसी गावाहून भाजी घेऊन निघालेला एक सायकलवाला तिला मागे टाकून गेला. जाताना त्याने घंटी वाजवली. भाऊ समोर पाहत राहिले.

गाडी गल्लीत शिरली तेव्हा ठेकेदार उभा राहिला. वहिनी उतरल्या, ओट्यावर गवत सोडलं. भुलाबाई अखंड. भुलोजी अखंड, मिशांसकट. वहिनींनी त्याच्या मानेवरून बोट फिरवलं, मग ठेकेदाराकडे वळून म्हणाल्या, "माळ आनलीच आहे तं द्या, देवाले घालतो." झेंडूची माळ भुलोजीला जरा सैल झाली.

गाडी वाचली होती. पण तो महिना भाऊंनी ती बाहेर काढली नाही. रविवारी सकाळी ते तिच्यात बसत, स्टिअरिंगवर हात ठेवत, थोड्या वेळाने उतरून येत. कुणी विचारलं की म्हणत, "शिरा आहे आता. शिरा घेऊन कुठी जाता?" इडलीवाल्या शेजारणीनेसुद्धा वहिनींना सांगितलं की साहेबांचं काहीतरी बिघडलं आहे. वहिनी म्हणाल्या, "हो. मले ऐकू येते."

कोजागिरीला शेवटची गाणी वहिनींच्या घरी झाली. दिवेलागणीची वेळ होती, अंगणात सगळी गल्ली. गाणी संपली, वहिनी झाकलेला डबा घेऊन आल्या आणि हलवला.

मुलींनी सगळं सांगून पाहिलं. फुटाणे. नाही. खडीसाखर. नाही. खारका, सुपाऱ्या, बत्तासे, अक्रोड. पंजाबी मुलीने "कंचे", म्हणजे गोट्या, म्हणून पाहिलं. बंगाली मुलीने डबा स्वतः हलवला आणि मान हलवून परत दिला. मुली हरल्या.

"आता यायले इचारा," वहिनी म्हणाल्या.

भाऊ कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. "मले कावून? मी काय पोरगी आहो?"

"इचारा म्हनलं ना."

एका मुलीने डबा त्यांच्या कानाशी नेऊन हलवला. भाऊंनी नकारार्थी मान हलवली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी डब्याची कड दातांत धरली आणि मुलीला हलवायची खूण केली. तिने हलवला. भाऊंनी डोळे मिटले. ते इतका वेळ तसेच राहिले की मुली हसायच्या थांबल्या.

डबा सोडून ते म्हणाले, "पितळ."

भाऊ हळू बोललेले गल्लीने पहिल्यांदा ऐकले.

वहिनींनी झाकण काढलं. घासून लख्ख केलेले बुश होते. "भांडेवालीनं घेतलेच नाही," त्या म्हणाल्या. "म्हने याले बूड नाही. भुलाबाई चालली आपल्या घरी. टाका आता तुमचे फुटाणे."

"अन् पुढच्या साली?"

"पुढच्या साली पुन्हा शिरा."

मुलींपैकी सगळ्यात धाकटीने विचारलं, हे खायचं कसं. वहिनींनी आतून पेढे आणले.

त्या रविवारी ड्यूटीवरून सायकलने परतणाऱ्यांनी सांगितलं की तळ्याच्या वळणावर शर्यतीची गाडी पूर्वीसारखीच गेली, फरक इतकाच की या वेळी दुसऱ्या सीटवर वहिनी होत्या आणि पदर दातांत धरून हसत होत्या.

पुढे मी भिलाईत होतो तोवर हा क्रम चुकला नाही. भाद्रपद लागायच्या सुमारास पितळ निघायचं आणि चामडं, टायर बसायचं. कोजागिरीनंतर पुन्हा पितळ. आमच्या गल्लीत त्यासाठी कुणी पंचांग उघडलं नाही. भाऊंचे पाय गाडीखालून बाहेर आलेले दिसले की बायका दुर्गच्या कुंभाराकडे निरोप पाठवत.